कोल्हापुरात दोन दिवस, सहा माणसं: आधी जेवणाच्या वेळा ठरवा

तुमचा प्रश्न मला असा समजला. डोंबिवलीहून सहा जण येणार: तुम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि तुमचे आई-बाबा. बाबा शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात. जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार तुम्ही धरलाय. देवदर्शन हवं, तांबडा-पांढरा रस्सा हवा, चपला आणि दागिने बघायचेत, मुलांनाही कंटाळा यायला नको. यादीत तुम्ही अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ, नृसिंहवाडी, खिद्रापूर आणि दाजीपूर लिहिलंय.

कोल्हापुरात येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हे माझं कामच आहे, म्हणून स्पष्ट सांगते. यादीतली शेवटची चार नावं या खेपेला काढून टाका. नृसिंहवाडी आणि खिद्रापूर पूर्वेला, दाजीपूर दुसऱ्या टोकाला राधानगरीच्याही पुढे. गाडीत बसून आईंचे गुडघे आखडतील आणि धाकटा दुपारपर्यंत रडकुंडीला येईल. खिद्रापूरचं कोपेश्वराचं मंदिर अप्रतिम आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध आकाश दिसेल असा गोल झरोका आहे. ते मंदिर शांतपणे बघावं, नृसिंहवाडीची बासुंदी खाऊन परतावं, अशी ती वेगळी सहल होईल. जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे त्या दिवशी डोंगरावर गर्दी असते. आई-बाबांना घेऊन रविवारी तिथे जाऊ नका, म्हणजे जोतिबाही या खेपेला नको.

राहिलेल्या ठिकाणांची आखणी मी जेवणापासून सुरू करते. इथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. मिसळ सकाळची, मटणाचं ताट दुपारचं, भेळ संध्याकाळची, दूध कट्ट्यावरचं दूध रात्रीचं. तीन वाजता उपाशी पोटी मिसळ शोधत फिरणारी कुटुंबं मी नेहमी बघते. तोवर चांगल्या मिसळवाल्यांची पातेली घासून झालेली असतात. खाण्याच्या वेळा नक्की केल्या की मधल्या वेळेत काय बसतं ते आपोआप दिसतं.

येण्याजाण्यासाठी तुम्हाला महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्यात सोयीची. शुक्रवारी रात्री कल्याणला बसा, शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूरला उतराल. परतीची गाडी रविवारी रात्री नऊच्या आधी सुटते, सोमवारी सकाळी घरी. दोन्ही दिवस पूर्ण मिळतात आणि बाबांना रात्रभर आडवं होता येतं. स्वतःची गाडी आणलीत तर मुंबईहून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. त्यात पुणे-कोल्हापूर टप्प्यातल्या रस्त्याच्या कामांनी किती वेळ जाईल याचा नेम नसतो. सहा जणांत दोन ज्येष्ठ आणि एक लहान असताना मी रेल्वेच सुचवेन.

मुक्काम स्टेशन रोड किंवा ताराबाई पार्कच्या बाजूला करा. मंदिराच्या अंगणातच राहावं असं सगळ्यांना वाटतं, पण तिथल्या बऱ्याच इमारती जुन्या, जिने उभे, पहाटेपासून वर्दळ. लिफ्ट असलेलं हॉटेल, लागून लागून दोन खोल्या, एवढं बघा. मंदिरापर्यंत रिक्षाने थोडाच वेळ लागतो. भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. रविवारी एक खोली संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला सांगा. अर्ध्या दिवसाचे पैसे जातात, पण दुपारची विश्रांती, आंघोळ आणि सामान या तिन्हींची सोय होते.

शनिवारी आल्या आल्या मंदिरात धावू नका. आंघोळी उरका आणि साडेनऊपर्यंत मिसळीला बसा. उद्यमनगरातली फडतरे आणि कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही जुनी नावं आहेत, आणि सुटीच्या दिवशी दोन्हीकडे रांग लागते. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाच्या स्लाइस येतात, लादीपाव मागत बसू नका. रश्श्याला इथे कट म्हणतात. धाकट्यासाठी कट वेगळ्या वाटीत मागवा आणि मिसळीवर दही घाला, तो आवडीने खाईल. बाबा शाकाहारी असल्यामुळे हा नाश्ता सगळ्यांचा एकत्र होतो. तीन पिढ्यांच्या सहलीत सगळ्यांनी एकच पदार्थ खाण्याचे प्रसंग कमी असतात, म्हणून हा चुकवू नका.

तिथून नवा राजवाडा. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली ही काळ्या दगडाची इमारत 1884 मध्ये पूर्ण झाली. वरच्या भागात छत्रपती घराण्याचं निवासस्थान आहे आणि तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय. धाकट्याला शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आणि तलवारी पुरतील. मुलीला दरबार हॉल दाखवा. तिथल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, आणि सकाळच्या उजेडात त्या काचा खुलतात. आत फोटो काढता येत नाहीत हे मुलांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक सगळं एकाच पातळीवर असल्याने आईंना फार चढउतार नाही. दीड तास पुरे.

मुलीला इतिहासाची आवड असेल तर टाऊन हॉलमधल्या संग्रहालयातही अर्धा तास काढा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती हा तिथला मोठा ठेवा. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या काळात, समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून कोल्हापूरला कसा आला असेल, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीला दिवसभर पुरतो.

आता दुपारचं ताट. हे शनिवारीच उरका. रविवारी अख्खं कोल्हापूर मटण खातं आणि बाहेरून आलेल्यांना खानावळींच्या दारात ताटकळावं लागतं. जिथे जाल तिथे साडेबारालाच पोचा. लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाउस जुनं आणि साधं आहे, महामार्गाच्या बाजूचं ओपल मोठं आणि कुटुंबासाठी ऐसपैस. बाबांच्या दृष्टीने आधी फोन करून विचारून घ्या, की शाकाहारी ताट वेगळ्या भांड्यांत होतं का. ज्यांना हे पाळायचं असतं त्यांच्यासाठी तो साधा प्रश्न नसतो, आणि ऐनवेळी विचारलं तर बाबा काहीच न खाता उठतात. त्यांच्यासाठी अख्खा मसूर आणि भाकरी मागवा. या भागाचा हा खरा शाकाहारी मानाचा पदार्थ आहे, उगाच पनीरकडे वळू नका.

मटणाच्या ताटाचा क्रम असतो. पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच, वाटी तोंडाला लावून प्यायचा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, पांढरी मिरी अशी त्याची बांधणी असते आणि तिखट जवळजवळ नसतंच, म्हणून मुलांनाही चालतो. मग सुकं मटण भाकरीबरोबर, आणि तांबडा भातावर. तांबड्याची खरी चव भाजलेल्या कांदा-लसणाची आणि खोबऱ्याची. नुसता जाळ लागत असेल आणि मागे काही चव उरत नसेल तर तो तांबडा चांगला नव्हे, मग पाटी कितीही मोठी असो. धाकट्यासाठी ‘अळणी’ मागा. फक्त हळद-मीठ घालून शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी, इथल्या घरांत लहान मुलांना हेच भरवतात. बाहेरच्यांना ते मेनूत सापडत नाही, मागितलं की बहुतेक ठिकाणी मिळतं.

जेवण झालं की चार वाजेपर्यंत खोलीवर. या दोन तासांत आणखी एखादं ठिकाण बसवायचा मोह होईल. तो टाळा, कारण संध्याकाळी सगळ्यांना पायी चालायचं आहे.

चार वाजता भवानी मंडप. इथला जुना राजवाडा, मग शेजारचं खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले होते, तिथे रोमचं वर्तुळाकार क्रीडागार बघून त्यांनी हे कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. आखाडा मध्यभागी आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. तुमच्या तारखांना कुस्त्यांचं मैदान असेल तर बाकीची संध्याकाळ रद्द करा आणि मुलांना घेऊन बसा, हलगी वाजायला लागली की कुणी जागेवरून उठत नाही. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये आग लागली. 1915 सालची ती वास्तू कोल्हापूरकरांच्या फार जिव्हाळ्याची आहे. कुणी त्याबद्दल बोलायला लागलं तर दोन मिनिटं थांबून ऐका.

तिथून चपलांकडे. चपला शनिवारीच घ्याव्यात, याला कारण आहे. दिवसभर चालल्यावर पाय किंचित फुगलेले असतात, माप खरं मिळतं. रात्री खोलीत घालून बघता येतात, आणि अंगठा घट्ट झाला किंवा पट्टा रुतला तर रविवारी परत नेऊन दुरुस्त करता येतो. शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन आहे, ओळीने दुकानं. पहिल्या दुकानात घेऊ नका, दोन-तीन ठिकाणी हातात घेऊन बघा.

काय बघायचं? अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळव्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, ती शिवण कडेला दिसते. चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं, त्याला वनस्पतीचा, मातकट वास येतो. नाकाला डिंकाचा किंवा रबराचा उग्र वास आला तर जोड खाली ठेवा. सगळीकडे एकसारखी चकाकी असेल तरीही संशय घ्या, हाताने केलेल्या कातड्यात रंगाचा थोडा फरक राहतोच. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी हे प्रकार दाखवायला सांगा. करकर वाजणारा जोड हवा असेल तर तसं सांगावं लागतं, त्याच्या तळव्यात विंचू नावाच्या झाडाच्या बिया घातलेल्या असतात. चामडं वापराने सैल होतं, म्हणून नवा जोड जरा घट्टच घ्या, पहिल्या आठवड्यात तेलाचा हात फिरवा आणि पावसात घालू नका. धाकट्याला मात्र घट्ट घेऊ नका, मुलांचे पाय लगेच सोलतात.

आणखी एक सांगावंसं वाटतं. या चपलांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही म्हणून केवढं वादळ उठलं, ते तुम्ही वाचलंच असेल. त्या वेळी आपण सगळ्यांनी अभिमान दाखवला. दुकानात आल्यावर मात्र तीच माणसं पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात. एक जोड करायला कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत अनेक हातांचे दिवस जातात, त्यात घरातल्या बायकांचं काम मोठं असतं. दोन दुकानांत भाव विचारा, रास्त वाटेल तो द्या.

सूर्यास्ताला रंकाळा. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस दिसतो, आई-बाबांना कट्ट्यावर निवांत बसता येतं, मुलं चौपाटीवर पळतात. रात्रीचं जेवण हलकंच ठेवा: खासबागेजवळच्या गाड्यांवरची भेळ किंवा कटवडा, आणि वर कॉकटेल. आई दचकतील, पण हे आइस्क्रीम, फळं आणि जेली घातलेलं कोल्हापुरी कॉकटेल आहे. भूक उरली तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. मुलांना हे दाखवाच, शहरात वाढलेली मुलं डोळे विस्फारून बघतात. प्यायला मात्र फक्त मोठ्यांनी घ्या. दूध न तापवलेलं असतं, आणि सवय नसलेल्या लहान पोटाला प्रवासात ते सोसेलच असं नाही.

रविवारी पहाटे अंबाबाई. साडेपाचपर्यंत मंदिरात पोचलात तर रांग आटोपशीर असते, नऊनंतर ती वाढत जाते. ज्येष्ठांसाठी वेगळी सोय आहे का ते दारातच विचारा. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. बाहेरच्या भिंतींवरचं काळ्या दगडातलं कोरीवकाम उजाडताना एकदा प्रदक्षिणेच्या चालीने बघा. आणि एक लक्षात ठेवा: 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात अशी त्याची रचना आहे. नोव्हेंबरमध्येही 9 ते 11 तारखेला हाच सोहळा असतो. तुमचा शनिवार-रविवार या तारखांना लागून येत असेल तर संध्याकाळची गर्दी मोठी असेल. आईंना घेऊन त्या गर्दीत उभं राहणं अवघड आहे, म्हणून तुमच्यासाठी पहाटच बरी.

नाश्ता करून आठला गाडी भाड्याने घ्या आणि पन्हाळ्याची वाट धरा. वाटेत गुऱ्हाळ. मुलांसाठी कोल्हापुरात याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे जानेवारी ऐन भरात. पंचगंगेकाठच्या गावांत शिवारातून धूर दिसला की तिकडे वळायचं. चालकाला आधीच सांगून ठेवा, इथल्या चालकांना कुणाचं गुऱ्हाळ कुठे चालू आहे ते ठाऊक असतं. घाण्यातून रस निघतो, तो काईलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत जातो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात. रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते आणि ती काढून टाकतात. मग गुळव्याचं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचं काम. पाक उतरवायचा क्षण तो नजरेने आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ओळखतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो. काईल ओतल्यावर वाफ्यात गूळ घोटला जातो आणि साच्यांत भरला जातो. तो कोमट, मऊ गूळ शेंगदाण्यांबरोबर मुलांच्या हातावर पडू द्या. काईलीपासून मात्र धाकट्याचा हात सोडू नका, तिथे कठडा नसतो.

खरेदीचा गूळही इथेच घ्या. कोल्हापुरी गुळाला 2014 पासून मानांकन आहे. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, रसायन न घातलेला गूळ तपकिरीकडे झुकतो. काकवीची बाटलीही घ्या, पण रेल्वेत ती उभीच ठेवा आणि झाकणाला प्लॅस्टिक गुंडाळा.

पन्हाळा शहरापासून सुमारे 20 किलोमीटर, गाडी वरपर्यंत जाते. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे. अख्खा गड फिरायचा हट्ट धरू नका. तीन दरवाजा, त्याच्याजवळची अंधार बाव आणि धान्याची कोठारं असलेला अंबरखाना, एवढं पुष्कळ झालं. अंधार बावीच्या पायऱ्या आईंनी उतरू नयेत, वरून बघितली तरी पुरे. मुलीला 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा तिथेच उभं राहून सांगा. महाराज जुलैच्या मुसळधार रात्री कुठल्या बाजूने निघाले, शिवा काशीदने त्यांचं रूप घेऊन काय केलं, बाजीप्रभू खिंडीत का थांबले, हे सगळं समोरचा डोंगर बघताना लगेच कळतं. दुपारी गडावरच पिठलं-भाकरी, खरडा आणि दही खा. बाबांचं हे हक्काचं जेवण.

तीनपर्यंत परत, थोडी झोप, मग साडेपाचला महाद्वार रोड आणि गुजरी, म्हणजे सराफांची पेठ. कोल्हापुरी साज बघायचाय म्हणालात. पारंपरिक साजात एकवीस पानं असतात: विष्णूचे दहा अवतार, आठ अष्टमंगल चिन्हं, माणिक आणि पाचूची एकेक, आणि एक तावीज. सोन्यात घ्यायचा असेल तर दोन तासांत निर्णय करू नका. या खेपेला घडण बघा, वजन आणि मजुरी लिहून घ्या. घेतलाच तर हॉलमार्क आणि सहा अक्षरी ओळख क्रमांक बघून पक्की पावती घ्या. मुलीसाठी चांदीची पैंजणं बघा. चांदीच्या कामात हुपरीच्या कारागिरांचं नाव आहे आणि त्यांचा माल इथे मिळतो.

कांदा-लसूण चटणी घ्यायची तर आधी वास घ्या आणि चिमूटभर तळहातावर चोळा. तेल सुटलं आणि लसणाचा वास मागे राहिला तर ताजी. डंकावर कुटलेली मागा. भडंगाची पाकिटं गाडीतल्या खाण्यासाठी घ्या.

हीच सहल कधी जुलै-ऑगस्टला करावीशी वाटली तर निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघा. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्गही बंद झाला होता. जानेवारीत तो प्रश्न नाही. आत्ता फक्त रेल्वेचं परतीचं आरक्षण आधी करा, रविवारच्या रात्रीच्या जागा लवकर भरतात. बाबांना आणि आईंना खालचे बर्थ मिळाले की मग खोल्यांचं बघा.